आठ रिआलची पारख

आठ रिआलचं स्पॅनिश नाणं दुर्मीळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. "माझ्याकडे स्पॅनिश डॉलर आहे" असं कुणी दबक्या आवाजात सांगितलं की मी नम्रपणे मान डोलावतो, एवढंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस एकट्या मेक्सिको सिटीच्या टांकसाळीतून वर्षाला दोन कोटींहून जास्त पेसोंची चांदी पाडली जात होती, आणि पेसो म्हणजेच आठ रिआल. त्यात लिमा, पोतोसी, ग्वाटेमाला, सॅन्टियागो, बोगोटा इथल्या टांकसाळी मिळवा. १५३६ पासून १८२० च्या दशकापर्यंत हे चाललं. अमेरिकेत तर १८५७ पर्यंत हे नाणं कायदेशीर चलन होतं, म्हणजे त्यांचा स्वतःचा डॉलर निघून साठेक वर्षं उलटून गेली तरी. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात अगदी परवा-परवापर्यंत भाव आठव्या हिश्श्यांत बोलले जायचे, तेही या आठ रिआलमुळेच.

मग दुर्मीळ काय? तर एवढ्यातून जे उरलं त्यातलं काही. टांकसाळीने किती पाडली यापेक्षा नंतर किती गाळली गेली, यावर नाण्याची किंमत ठरते. माझ्यासारख्या संग्राहकाचा सगळा धंदा (धंदा कसला, खर्च) या गाळण्याच्या हिशोबावर चालतो. आणि गाळण्यात आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, हात फार मोठा होता. त्याकडे येतोच, पण आधी पोतोसीला जायला हवं.

पोतोसी आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर. तिथल्या सेर्रो रिको या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्या उजाड माळावर दीड लाखाच्या वर माणसं राहायला आली. त्या काळात एवढी वस्ती युरोपातल्या मोजक्याच शहरांत होती. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तिथे टांकसाळ बसवली. दुसरी म्हणजे मिता नावाची वेठबिगार पद्धतशीर केली. आसपासच्या प्रांतांतल्या गावांनी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीवर पाठवायचा. वर्षाला सुमारे १३,००० माणसं. चांदी वेगळी करायला पारा लागायचा, तो पेरूतल्या वानकावेलिकाच्या खाणीतून यायचा, आणि तिथे जाणारा मजूर फुप्फुसं आणि दात दोन्ही गमावून परतायचा, परतला तर. हे नाणं हातात घेताना मी दर वेळी हे आठवतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण एकदा वाचलं की डोक्यातून पूर्ण जातही नाही.

या टांकसाळीची जुनी नाणी ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना पहिल्यांदा ती नाणी वाटतच नाहीत. इंग्रजीत त्यांना कॉब म्हणतात, स्पॅनिशमध्ये माकुकिना. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, काट्यावर टाकायचा, जास्त भरला की कातरीने कोपरा उडवायचा आणि दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा मारायचा. गोल असण्याची कुणालाच फिकीर नव्हती. घाईत लाटलेल्या पापडासारखी एक कड लांबलेली, एक चेपलेली, मधेच चीर. वजन मात्र चोख: सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम. चांदीच्या एका मार्कातून, म्हणजे २३० ग्रॅममधून, ६७ रिआल पाडायचे असा नियम होता. त्याचा भागाकार केला की हाच आकडा येतो.

ठसा तुकड्यापेक्षा मोठा किंवा हात जरा तिरका पडला, की कडेची अक्षरं गेलीच. साल कडेलाच असायचं. म्हणून पोतोसीच्या जुन्या नाण्यावर साल दिसणं हाच एक योग. मी ज्या लिलावांच्या याद्या वाचतो त्यांत एकाच राजाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन नाण्यांच्या भावात दसपट फरक असतो, आणि कारण एवढंच की एकावर सालाचे शेवटचे दोन आकडे वाचता येतात. तज्ज्ञ मंडळी मग ढालीतल्या सिंहाची शेपटी, क्रॉसच्या टोकाचा गोळा, बुरुजाचा आकार यांवरून साल ठरवतात. यात वेड आहे हे मान्य. पण आपल्याकडे शिवराई गोळा करणारे "श्री राजा शिव"च्या एकेका वळणावरून तासन् तास वाद घालतात, तेव्हा आपण कुणाला हसायचं?

साल नसलं तरी एक अक्षर बहुधा उरतं, आणि सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. टांकसाळीच्या खुणेजवळ पारख्याचं अक्षर असतं. पारखी म्हणजे चांदीचा कस तपासून "हो, ही ठरल्याप्रमाणे आहे" असं सांगणारा अधिकारी. राजाचं नाव, पदव्या, कुलचिन्ह हे सगळं नाण्यावर आहेच, पण राजा तर माद्रिदला बसलेला. चांदी खोटी निघाली तर मान कुणाची धरायची हे त्या एका अक्षरावरून कळायचं. आणि ती मान एकदा खरोखरच धरली गेली.

१६४० च्या दशकात पोतोसीच्या नाण्यांबद्दल युरोपात कुरबुर सुरू झाली. स्पेनच्या राजाला कर्ज देणारे जिनोआचे सावकार, फ्लँडर्सचे व्यापारी, दोघांनीही ती नाणी घ्यायला नकार द्यायला सुरुवात केली. फिलिप चौथ्याची सगळी सैन्यं याच चांदीवर उभी, तेव्हा हे काही किरकोळ प्रकरण नव्हतं. चौकशीला नेस्तारेस मारिन नावाच्या पाद्र्याला पाठवण्यात आलं. पाद्री असला तरी गृहस्थ कडक. त्याने खणून काढलं ते असं: चांदीचे बडे व्यापारी आणि टांकसाळीतले अधिकारी संगनमताने चांदीत तांबं मिसळत होते, आणि पारखी बिनदिक्कत आपलं अक्षर उमटवत होता. म्होरक्या होता फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा, शहरातला अतिश्रीमंत असामी. त्याला आणि पारखी रामिरेस दे आरेयानोला १६५० मध्ये देहदंड झाला.

पुढचा भाग मला त्याहून रंजक वाटतो, कारण शिक्षा देऊन बाजारातलं नाणं सुधारत नाही. खोटी नाणी तर पेरूपासून सेव्हिलपर्यंत पसरलेली. नेस्तारेसने नवा पारखी आणला, रोडास, अक्षर "ओ". घाईत त्याच्याही नाण्यांचा कस थोडा कमीच भरला. मग हुकूम निघाला की रोचाच्या काळातली आठ रिआलची नाणी बरीच खालच्या भावाने घ्यायची आणि रोडासची साडेसातला. आठ असं छापलेलं नाणं साडेसातला! ओळखू यावीत म्हणून चांगल्यापैकी नाण्यांवर मुकुटाचे छोटे छाप मारले. बाकीची गाळायला घेतली.

१६५२ मध्ये मग नाण्याचं रूपच बदललं. ढाल गेली आणि समुद्राच्या लाटांवर उभे असलेले हर्क्युलिसचे दोन खांब आले. नव्या पारख्याचं, एर्गेताचं, अक्षर होतं "ई". त्या खांबांच्या बाजूला वरच्या ओळीत पी, आठ, ई, म्हणजे टांकसाळ, किंमत, पारखी. मधे प्लुस उल्त्रा ("आणखी पलीकडे") हे ब्रीद तीन-तीन अक्षरांत तोडून बसवलेलं. खालच्या ओळीत ई, बावन्न, पी. उलट्या बाजूला क्रॉसभोवती पुन्हा टांकसाळ, पुन्हा पारखी, पुन्हा साल, आणि कडेच्या मजकुरात आणखी एकदा साल. हातोडा कितीही तिरका पडो, कातर कुठलाही कोपरा उडवो, कुठे ना कुठे सही उरणारच. भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर सरकारं फॉर्म वाढवतात, तसलाच हा प्रकार. पण नाण्याच्या रचनेत तो इतका नेटका उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. माझ्याकडे या जातीचं एक दोन रिआलचं आहे. अंगठ्याच्या नखाएवढं म्हणा, थोडं मोठं. वरची ओळ पूर्ण गेलीय, डावा खांब अर्धा. पण खाली "ई" स्पष्ट, आणि फिरवलं की क्रॉसच्या बाजूला पुन्हा "ई".

आता सुरत.

ईस्ट इंडिया कंपनीकडे हिंदुस्थानात विकण्यासारखं फारसं काही नव्हतं. लोकरीचे जाड कापड इथे कोण घेणार? कापूस, नीळ, मिरी विकत घ्यायची तर चांदी आणावी लागायची, आणि चांदी म्हणजे रिआल. पेट्याच्या पेट्या सुरतेला उतरायच्या. पण मोगल मुलखात परकं नाणं बाजारात चालत नसे. ते सराफाला विकायचं किंवा टांकसाळीत द्यायचं, गाळून रुपये पाडून घ्यायचे आणि मग खरेदीला लागायचं. एका आठ रिआलमध्ये साधारण पंचवीस ग्रॅम निव्वळ चांदी, रुपयात सवाअकराच्या आसपास. म्हणजे एका नाण्याचे दोन रुपये आणि वर थोडे पैसे. इंग्रज वखारवाल्यांची रडगाणी वाचली तर टांकसाळ किती हळू चालते आणि सराफ किती कापतात, याचीच असतात.

आपल्याकडे चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहीत. तेव्हा मोगली रुपया असो, पेशवाईतला अंकुशी असो, त्यातली चांदी कुठून तरी समुद्रावरून आलेली, आणि त्यातला मोठा वाटा मेक्सिको-पेरूचा. म्हणूनच इथल्या जमिनीत रुपयांचे हंडे निघतात, रिआलचे क्वचित. चीनमध्ये उलट झालं. तिथे नाणं आहे तसं बाजारात फिरलं, आणि दर व्यापाऱ्याने पारखून आपला छोटा छाप त्यावर ठोकला. काही नाणी इतकी ठोकली गेली की राजाचा चेहरा वाडग्यासारखा खोल गेला. एकेकाळी संग्राहक अशी नाणी खराब म्हणून बाजूला टाकायचे. आता त्यांचा स्वतंत्र बाजार आहे. मला विचाराल तर ठोकलेलं नाणं कोऱ्यापेक्षा कधीही बरं. ते कुणाकुणाच्या हातातून गेलं त्याची निदान पोच तरी असते.

चौथ्या कार्लोसच्या नावाचं, १७९० च्या दशकातलं मेक्सिकोचं एक नाणं मी पुण्यात ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेलो होतो. त्याच्याकडचं कस दाखवणारं मशीन वापरून बघायचं होतं. दुकानात लग्नसराईची गर्दी. गल्ल्यावरच्या पोराने नाणं उलटंसुलटं केलं, काट्यावर टाकलं, "सव्वीस पूर्णांक आठ," म्हणाला, आणि मान वर न करता विचारलं, "मोडायचंय का काका?"

"नाही रे, फक्त कस बघायचाय."

मशीनने नव्वदच्या अलीकडे-पलीकडे आकडा दाखवला. "नव्वद टच," तो म्हणाला. "घट जाईल. परदेशी माल ना? वाटलंच." आणि मग, मी दुखावलो असेन असं वाटून, "पण डिझाइन छान आहे हां."

मला दुखवण्यासारखं काही नव्हतंच. सुरतेच्या सराफाने वेगळं काय केलं असतं? शिवाय त्या पोराने नकळत तिसऱ्या कार्लोसची लबाडी पकडली होती. १७२९ पासून या नाण्यांचा कस ९१.६७ टक्के ठरलेला होता. १७७२ मध्ये राजाचा मुखवटा असलेली नवी नाणी काढताना गुप्त हुकमाने तो ९०.२८ वर आणला, १७८६ मध्ये आणखी खाली, ८९.५८ वर. रोचाला तांबं मिसळल्याबद्दल फास आणि राजाला काहीच नाही. (मशीन वरच्या थराचाच कस सांगतं, त्यामुळे पॉइंटमधल्या फरकावर मी पैज लावणार नाही.)

मुखवट्यांवरून आठवलं. १८०८ मध्ये सातवा फर्नांडो गादीवर आला न आला तोच नेपोलियनने त्याला अडकवून ठेवलं. स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतल्या टांकसाळींना नव्या राजाच्या नावाने नाणी पाडायची होती आणि राजा दिसतो कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. मेक्सिकोवाल्यांनी चिलखत घातलेला एक धट्टाकट्टा गृहस्थ कोरला. लिमावाल्यांनी कल्पनेने जो चेहरा काढला तो फर्नांडोच्या एकाही चित्राशी जुळत नाही. १८११ च्या सुमारास खरा मुखवटा पोचेपर्यंत हे तोतये राजे बाजारात फिरले. लिमाचं हे नाणं मला फार आवडतं आणि चांगल्या स्थितीत परवडत नाही.

१७३२ ते १७७२ मधली, दोन गोलार्ध आणि दोन खांब असलेली यंत्रावर पाडलेली नाणी सगळ्यांत देखणी, यावर दुमत नसावं. मी त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळेच लिहितात.

खोट्या नाण्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. आपल्याकडच्या जुन्या बाजारात फडक्यावर मांडलेले "स्पॅनिश डॉलर" जवळजवळ सगळे नव्या कारखान्यातले असतात. त्यांना ओळखायला विद्वत्ता लागत नाही. पहिलं वजन: खरं सत्तावीसच्या जवळ, खोटी बहुतेक बरीच हलकी. दुसरं कड: मुखवट्याच्या नाण्याच्या कडेला एक गोल, एक चौकट, एक गोल अशी माळ असते. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं घोळवून उठवलेली, त्यामुळे समोरासमोर दोन जागी ती नक्षी एकमेकीवर चढते किंवा तुटते. नकली नाण्याची माळ अखंड आणि गुळगुळीत असते, नाहीतर मधोमध ओतकामाची रेघ दिसते. तिसरी परीक्षा पाण्याची. काट्यावर पेलाभर पाणी ठेवून काटा शून्य करायचा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता बुडवायचं. सत्तावीस ग्रॅमचं खरं नाणं काट्यावर सुमारे २.६ दाखवतं. तीनच्या पुढे गेलं की विक्रेत्याला नमस्कार करून निघावं. हे स्वयंपाकघरात करताना घरचे लोक जे बोलतात ते ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

पाण्याचाच आणखी एक बाजार आहे: बुडालेल्या जहाजांचा. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेलं आतोचा हे स्पॅनिश जहाज खजिने शोधणाऱ्या मेल फिशरच्या लोकांना १९८५ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून "जहाजातलं नाणं" ही वेगळी जात झाली. प्रमाणपत्र जोडलेलं असलं की समुद्राने अर्धं खाल्लेलं नाणंही चांगल्याच्या भावात जातं. याच्या उलट एल कासादोर. हे जहाज १७८४ मध्ये मेक्सिकोहून न्यू ऑर्लिन्सला साडेचार लाख पेसो घेऊन निघालं आणि बेपत्ता झालं. १९९३ मध्ये एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात नाणी अडकली. त्यातली ढिगाने १७८३ ची, त्यामुळे ते साल आता बाजारात सहज मिळतं. दोनशे वर्षांनंतर एका जाळ्याने एका सालाची टंचाई संपवली.

पण मेर्सेदेसचं प्रकरण झाल्यापासून मी जहाजाच्या मालापासून जरा दूर राहतो. १८०४ मध्ये इंग्रज आरमाराशी झालेल्या चकमकीत उडालेली ही स्पॅनिश युद्धनौका. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने तिच्यावरची जवळपास सहा लाख नाणी वर काढली. स्पेनने अमेरिकन कोर्टात खटला लढवला, जिंकला, आणि २०१२ मध्ये सतरा टन चांदी विमानाने परत नेली. पेरूनेही दावा सांगितला होता, तो टिकला नाही. आता कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ १७०८ मध्ये बुडालेल्या सान होसेबद्दल तीच ओढाताण चालू आहे, आणि तिथे बोलिव्हियातले कारा कारा लोकही म्हणतात की ती चांदी आमच्या पूर्वजांनी खणली. कायद्याने त्यांचं काय होईल ते होवो. पण या सगळ्या दावेदारांत खाणीत उतरलेल्यांच्या बाजूने बोलणारे तेवढेच आहेत, हे मला खटकतं. मी स्वतः अशी नाणी घेतो ज्यांची कागदपत्रं मागे जुन्या संग्रहापर्यंत पोचतात. त्याने माझे हात धुतले जातात असं नाही. त्या चांदीला स्वच्छ कागद कुठून आणणार?

आपल्या इथे आणखी एक गंमत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परदेशी लिलावातून आणलेला रिआल एकदा मुंबईत उतरला की इथलाच झाला, विकायचाही इथेच. सतराव्या शतकात जे टांकसाळीच्या भट्टीने केलं ते आता कायदा करतो.

सध्या माझा डोळा रोडासच्या "ओ"वर आहे, मुकुटाचा छाप असलेल्या. या छापाची नाणी जी आज मिळतात ती बहुतेक एकाच जहाजातली, १६५४ मध्ये आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर चांदुयजवळ बुडालेल्या कापितानाची. जहाजाच्या मालापासून दूर राहतो असं वर म्हटलं आहे, ते माझ्या लक्षात आहे. याला अपवाद करावा की नाही यावर अजून स्वतःशीच भांडतोय. खाऱ्या पाण्याने त्यांची कड न् कड खाल्लेली असते. गेल्या यादीत एक होतं: छाप ठसठशीत, "ओ" नुसता जाणवण्यापुरता, वजन वीस ग्रॅमच्या आत. नेस्तारेसने ज्याला साडेसातचा भाव दिला ते काट्यावर आता सहाचंही भरणार नाही, आणि मागितलेली किंमत ऐकून गल्ल्यावरचा तो पोरगा मला खुर्ची देऊन पाणी विचारेल.